धक्क्यावर आणखी एक संगमरवरी पाटी हवी

दीवच्या किनाऱ्यावर, अरबी समुद्राकडे तोंड करून, काचेच्या पेटीत एक युद्धनौका उभी आहे. ही ‘आयएनएस खुकरी’ची प्रतिकृती. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री पाकिस्तानच्या ‘हंगोर’ पाणबुडीचा टॉर्पेडो लागला आणि खरी खुकरी काही मिनिटांत तळाला गेली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक तिच्यासोबत गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी आपलं लाइफ जॅकेट दुसऱ्याला दिलं आणि जहाज सोडलं नाही. त्यांना महावीर चक्र मिळालं. हे पुष्कळांना ठाऊक असतं. उरलेल्या १९३ जणांपैकी एकाचं तरी नाव किती जणांना सांगता येईल?

दीवचं हे स्मारकही उभं राहिलं ते १९९९ मध्ये, तब्बल २८ वर्षांनी. तरी खुकरीचं नशीब बरं म्हणायचं. स्वतंत्र देशाची युद्धनौका, स्वतःचं नौदल, गणवेशातली माणसं. आठवण ठेवायला कुणीतरी होतं. ज्यांच्या मागे यातलं काहीच नव्हतं, त्यांचं काय झालं ते पाहायला मुंबईत मस्जिद बंदरला जावं लागतं.

तिथल्या ‘इंडियन सेलर्स होम’मध्ये पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या दोन हजारांहून अधिक भारतीय खलाशांचं स्मारक आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या मृतांची यादी आणखी मोठी: तेव्हाच्या रॉयल इंडियन नेव्हीचे सुमारे चारशे आणि व्यापारी जहाजांवरचे जवळपास सहा हजार. या नावांचं एक पुस्तकच आहे. एक प्रत इथे, दुसरी चटगावच्या युद्ध दफनभूमीत. रोज लाखो लोक लोकलने मस्जिद स्टेशनावरून जातात, पण काही मिनिटांवर ही नावं आहेत याची खबर त्यांतल्या फार थोड्यांना असेल.

कोण होते हे लोक? सारंग, टंडेल, खलाशी, भंडारी, आणि इंजिनरूममध्ये बॉयलरपुढे कोळसा ओढणारे आगवाले. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश व्यापारी जहाजांवर राबणाऱ्या दर चार माणसांत साधारण एक भारतीय होता, आणि त्याचा पगार गोऱ्या खलाशाच्या मानाने अगदीच तुटपुंजा. रत्नागिरीपासून गोव्यापर्यंतच्या कित्येक घरांनी पिढ्यान्‌पिढ्या या कामाला माणसं दिली. टॉर्पेडो पाण्याच्या पातळीखाली लागतो, म्हणजे बहुतेक वेळा आगवाल्याच्याच अंगावर. वरच्या डेकवरच्या माणसाला निदान होडीकडे धावता येतं. खालच्याला लोखंडी शिडी चढायचीही सवड मिळत नाही. त्याची ना कबर, ना अस्थी. घरच्यांच्या हाती नावाखेरीज काही उरत नाही, म्हणून ते नाव कुठे आहे याला इतकं महत्त्व.

‘सिटी ऑफ बनारस’ या जहाजाचंच घ्या. बॉम्बवर्षावापासून वाचवण्यासाठी ९० इंग्रज मुलांना घेऊन ते कॅनडाकडे निघालं होतं. १७ सप्टेंबर १९४० ला जर्मन पाणबुडीने ते बुडवलं आणि त्यांतली ७७ मुलं दगावली. आठ दिवस अटलांटिकमध्ये तरंगून वाचलेल्या एका होडीतल्या सहा मुलांची कहाणी इंग्लंडमध्ये पुन्हा पुन्हा लिहिली गेली. त्या होडीत ४६ माणसं होती आणि त्यांतली बहुसंख्य भारतीय खलाशी होती, हा तपशील मात्र कहाणीच्या कडेलाच राहिला. लंडनच्या टॉवर हिलवर व्यापारी जहाजांवरच्या मृतांची सुमारे ३६ हजार नावं जहाजवार कोरलेली आहेत. बनारसच्या गोऱ्या अधिकाऱ्यांची नावं तिथे सापडतात. त्याच रात्री, त्याच टॉर्पेडोने मेलेल्या भारतीय खलाशांची नोंद मुंबई-चटगावच्या पुस्तकात. मेल्यावरसुद्धा पंगत वेगळी!

आपल्याकडे गावोगावी लागलेल्या जुन्या पाट्यांचीही तऱ्हा फार निराळी नाही. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज सरकारने अनेक गावांत संगमरवरी पाट्या बसवल्या. या गावातून इतके जण लढाईला गेले, त्यांतले इतके मेले, एवढाच मजकूर. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाने तेव्हा ४६ जवान गमावले. ते गाव आजही ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणून अभिमानाने सांगतं. पण त्या धर्तीच्या पाट्यांवर आकडा असतो, माणूस नसतो. सरकारला हिशेब पुरतो, घरच्यांना पुरत नाही.

यावर एक आक्षेप हमखास येतो: हे लोक पोटासाठी इंग्रजांच्या जहाजावर गेले, देशासाठी थोडेच मेले? खरं आहे, पोटासाठीच गेले. त्यांना हुतात्मा ठरवण्याचा आग्रह कुणी धरू नये. पाटीवर ‘अमर रहे’ नसलं तरी चालेल. नाव, बापाचं नाव, गाव, जहाज, तारीख, बस्स. युद्धातल्या मृतांच्या नोंदी ठेवणाऱ्या राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या अनेक नोंदींत बापाचं आणि गावाचं नावही आहे, म्हणजे शोधाशोध फार नाही. मुंबईतल्या यादीतून रत्नागिरी, हर्णै, दाभोळ, मालवण परिसराची नावं निवडायची आणि ती त्या त्या बंदरावर लावायची.

आणि जागेची सबब तर नकोच. जेट्टी कुठलीही असो, तिच्यावर मंत्रिमहोदयांच्या शुभहस्ते बसवलेला संगमरवर आधीच असतो, त्यात सभापतींपासून उपअभियंत्यापर्यंत सगळे मावतात. त्याच्या शेजारची दोन हात भिंत महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाने द्यावी. ५ एप्रिलच्या राष्ट्रीय सागरी दिनाला भाषणं होतातच. एखाद्या वर्षी ती आवरून पाट्या बसवाव्यात. मजकूर मराठीत हवा आणि कोकणी मुसलमान वस्तीच्या बंदरांवर उर्दूतही, कारण तो वाचणार आहेत त्यांची नातवंडं-पतवंडं. नावं जहाजवार लावावीत आणि हुद्द्यानुसार वरखाली न करता, सारंगाच्या ओळीत आगवालाही घ्यावा.