आत्याचंही नाव लिहा
स्तनाच्या कर्करोगावरचं संशोधन शिकू पाहणाऱ्या विद्यार्थिनीच्या हाती आधी कागद-पेन्सिल द्यावी, असं मला मनापासून वाटतं. वंशावळ मांडताना आई, मावशी, आजी लगेच आठवतात. आत्या राहून जाते. स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढवणारं बिघडलेलं बीआरसीए जनुक वडिलांकडूनही येतं, आणि प्रत्येक मुलामुलीकडे जायची शक्यता निम्मी असते. जनुकशास्त्रज्ञ मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० मध्ये बीआरसीए-१ चा ठावठिकाणा सतराव्या गुणसूत्रावर दाखवला, तोही अशाच कुटुंबांच्या अभ्यासातून. आता या जनुकांची चाचणी सोपी झाली, सापडलेल्या बदलाचा अर्थ लावणं नाही. जगातल्या जनुकीय नोंदी बहुतांशी युरोपीय वंशाच्या लोकांच्या. त्यामुळे आपल्याकडच्या अहवालांवर ‘अर्थ अनिश्चित’ हा शेरा जास्त पडतो. केवळ त्या शेऱ्यावरून कुणा बाईनं शस्त्रक्रियेचा निर्णय घेऊ नये. आपल्या कुटुंबांच्या नोंदी वाढल्या की यातले बरेच शेरे निकाली निघतील. खारघरच्या ॲक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्रात आनुवंशिक कर्करोगावर काम चालतं, विद्यार्थ्यांनी तिकडे वळावं.