खोकल्याची बाटली आणि आपली जयणा



बिस्किटाच्या पुड्यावरचा हिरवा ठिपका पाहिल्याशिवाय आपण पुडा घेत नाही. कॅप्सूलमध्ये जिलेटिन आहे का, हेही दुकानदाराला विचारतो. मग खोकल्याचं सिरप मात्र न विचारता नातवंडांच्या तोंडात कसं जातं?

आमच्या रामदासपेठेत पावलोपावली दवाखाने. बाहेरगावचे पेशंट इथे रोजचेच. पण सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये शेजारच्या छिंदवाडा जिल्ह्यातली लहान लेकरं किडन्या निकामी होऊन नागपूरच्या हॉस्पिटलांत येऊ लागली, तेव्हा सारं शहर हळहळलं. साधी सर्दी-खोकला-तापाची तक्रार, आणि त्यावर दिलेलं ‘कोल्ड्रिफ’ सिरप. २० हून अधिक मुलं गेली. तामिळनाडूत बनलेल्या त्या सिरपच्या तपासणीत ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल निघालं. मर्यादा आहे ०.१ टक्का! १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच विषाची भेसळ असलेल्या ग्लिसरीनने १४ जण दगावले होते. लेंटिन आयोगाने चौकशीही केली होती. तरी पुन्हा तेच.

हे विष चवीला गोड, रंग नाही, लेबलवर नाव नाही. आपण पाणी गाळतो तसं ते गाळून निघत नाही. ते पकडणं कारखान्याचं आणि सरकारचं काम. तो दोष कुणा आईच्या माथी मारू नये. पण बाटली उघडायची की नाही, हे घरात ठरतं. मी कॉमर्सची, म्हणून जमाखर्च मांडते. लहान मुलांचा सर्दी-खोकला बहुधा आपोआप बरा होतो. म्हणजे सिरपचा फायदा थोडा, जोखीम मोठी. केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानेही तेव्हा बजावलं: २ वर्षांखालील मुलांना ही औषधं देऊ नयेत, ५ वर्षांखालीही सहसा नकोत.

छिंदवाड्यात तर औषध डॉक्टरांनीच लिहून दिलं होतं. म्हणून “डॉक्टरसाहेब, याची खरंच गरज आहे का?” असं विचारायला संकोच नको.

आपल्याकडे मध नाही, आलं नाही, म्हणून बाटलीकडे हात लवकर जातो, हे मला ठाऊक आहे. पण कोमट पाणी, वरणाचं गरम पाणी, चोंदलेल्या नाकात सलाईनचे थेंब, आणि विश्रांती यांना कोणत्या व्रताची आडकाठी आहे?

औषध द्यायचंच ठरलं, तर हॉस्पिटलातली नर्स करते तसं करा. कोणाला, कोणतं, किती, केव्हा, कसं, हे दर वेळी ताडून बघा. घरातला चमचा नको. बाटलीसोबतच्या मापानेच द्या. वेळ कागदावर लिहा, म्हणजे सून आणि सासू दोघी मिळून दुप्पट डोस देणार नाहीत. मोठ्या भावाची उरलेली बाटली धाकट्याला नको. बिल आणि बाटली जपून ठेवा, बॅच नंबर त्यावरच असतो.

आणि लघवी कमी झाली, उलट्या सुरू झाल्या, मूल सुस्त पडलं किंवा श्वास जोरात चालला, तर रात्र असो की पर्युषण, थेट हॉस्पिटल गाठा.

जयणा फक्त पाण्याच्या गळण्यापुरती नसते. औषधांचा डबाही तिच्यातच येतो. आजच तो उघडा आणि जुन्या बाटल्या बाहेर काढा.