किलोच्या भावाने

लवासाला जाऊन काय करायचं असतं हे मी तुम्हाला सांगायला नको. पावसाळ्यात दर रविवारी आपल्या हॉस्टेलमधून पाच-सात बाइक्स तिकडे निघतातच. पिरंगुटला वडापाव, पुढे मुठा, टेमघर, रस्त्याकडेच्या धबधब्याखाली भिजणं, मग घाट, मग दासव्याला तळ्याकाठी रंगीत इमारतींसमोर फोटो आणि येताना पेट्रोलचे पैसे कुणी द्यायचे यावरून भांडण. गेल्या सप्टेंबरात थर्ड इयरच्या चौघांनी मला तिथेच पकडलं. पाऊस उघडला होता. मी बाकावर पुस्तक वाचत बसलो होतो, मांडीवर चार वर्षांची लेक, शेजारी झाकणाला पोचा आलेला थर्मास. "सर, तुम्ही लवासाला येऊन वाचता?" एकाने विचारलं. चौघांच्याही चेहऱ्यावर दया अगदी स्पष्ट दिसत होती. मंगळवारपर्यंत डिपार्टमेंटमध्ये बातमी पोचली की सरांचं काही खरं नाही.

तेव्हा जाहीर खुलासा करणं भाग आहे. सरांचं बरं चाललंय. फक्त घराचा हप्ता, गाडीचा हप्ता आणि बालवाडीची फी (आपल्या वेळी बालवाडीला फी असते हेच माहीत नव्हतं!) गेल्यावर जे उरतं त्यात छंद बसवावे लागतात. मुलगी झाली तेव्हा सगळ्यांनी एकच वाक्य ऐकवलं होतं, "आता तुझे छंद संपले." माझं मत असं की छंद संपत नाहीत, त्यांचं माप बदलतं. पूर्वी मी दोन-दोन दिवस सह्याद्रीत हिंडायचो, आता रात्री तिला झोपवताना वीस मिनिटं वाचतो. पूर्वी कॅमेऱ्याच्या लेन्स बघायचो, आता जुन्या बाजारात जातो. घरी यासाठी महिना दोनशे रुपये मंजूर आहेत. बायकोने त्याला 'भंगार भत्ता' असं नाव दिलंय. "अहो, या महिन्याचा भत्ता संपला ना?" हे वाक्य साधारण दहा तारखेला ऐकू येतं.

ज्यांना जुना बाजार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पुण्यात मंगळवार पेठेच्या बाजूला दर बुधवारी आणि रविवारी हा भरतो. जमिनीवर ताडपत्री, त्यावर जगातल्या सगळ्या वस्तू एकत्र. नळ, बेअरिंग, पान्हे, पितळी अडकित्ते, बंद पडलेल्या एचएमटी, चार्जर, एका पायातला बूट. मेकॅनिकलच्या मुलाने एकदा तरी तिथे जावं, कारण वर्कशॉपमध्ये आपण ज्या वस्तूंची चित्रं जर्नलमध्ये काढतो त्या तिथे हाताळायला मिळतात. पहिला नियम, हवी असलेली वस्तू आधी उचलायची नाही. शेजारची उचलायची, तिचा भाव करायचा, मग जाता जाता "आणि हे कितीला मामा?" तरीही मामा ओळखतोच.

माझी आजवरची सगळ्यात मोठी शिकार म्हणजे एक स्लाइड रूल. साठ रुपये. विकणाऱ्याने ती 'जर्मन पट्टी' म्हणून दिली. आपल्यापैकी कितीजणांनी ती प्रत्यक्ष पाहिली आहे? दोन पट्ट्यांवर लॉगॅरिदमच्या अंतराने आकडे असतात, एक पट्टी दुसरीवर सरकवली की लांब्यांची बेरीज होते आणि लॉगची बेरीज म्हणजेच आकड्यांचा गुणाकार. बस, एवढंच यंत्र. 1972 साली एचपीचा खिशातला सायंटिफिक कॅल्क्युलेटर आला आणि काही वर्षांत पट्टी अडगळीत गेली. त्याआधीच्या इंजिनिअरांनी पूल, धरणं, विमानं याच पट्टीवर काढली. तिच्यावर दशांशचिन्ह कुठे द्यायचं ते कळत नाही, ते आपल्या डोक्याने ठरवावं लागतं. मी सेकंड इयरच्या वर्गात ती घेऊन जातो. कॅल्क्युलेटरवर बीमचं डिफ्लेक्शन चार किलोमीटर आलं तरी शांतपणे खाली दोन रेघा मारणाऱ्यांनी ती पट्टी आठवडाभर वापरून बघावी!

दुसरी शिकार पुस्तकांची. पेरेलमनचं 'फिजिक्स फॉर एंटरटेनमेंट', मॉस्कोच्या मीर प्रकाशनाची प्रत, तीस रुपयांना. मूळ रशियन पुस्तक 1913 चं. आपल्या आधीच्या पिढीला ही सोव्हिएत पुस्तकं अगदी किरकोळ किमतीत नवीकोरी मिळायची, सोव्हिएत युनियन 1991 मध्ये गेलं आणि ती स्वस्ताई संपली. लवासाच्या बाकावर माझ्या हातात होतं ते हेच. त्यात पहिल्या महायुद्धातल्या एका वैमानिकाची गोष्ट आहे. उडत असताना तोंडाजवळ किडा घोंघावतोय असं वाटून त्याने तो मुठीत पकडला, बघतो तर बंदुकीची गोळी! गोळीचा वेग कमी होत होत विमानाइतका झाला होता, म्हणून ती त्याला थांबल्यासारखी होती. सापेक्ष वेगावर मी तीन लेक्चर घेतो, पेरेलमनला एक पान पुरतं. माझ्या लेकीला ही गोष्ट किड्यापर्यंत फार आवडते. पुढचं मी मोठी झाल्यावर सांगणार आहे.

आणि लवासाच का? कारण तिथे बसायला पैसे पडत नाहीत, हे खरं उत्तर. पण त्या जागेविषयी मला थोडं बोलायचंही आहे. मोसे खोऱ्यात, वरसगाव धरणाच्या पाण्याकाठी, इटलीतल्या पोर्टोफिनोसारखं दिसणारं अख्खं शहर एकदम नवं बांधायचं ठरलं. शेतजमिनींवरून आंदोलनं झाली. नोव्हेंबर 2010 मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या नोटिशीने काम थांबलं, वर्षभराने अटींवर परवानगी मिळाली, पण गाडी रुळावर आली नाही ती नाहीच. 2018 मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. आज दासव्याला गेलात तर पिवळ्या-केशरी भिंतींना शेवाळ धरलेलं दिसतं आणि वरच्या उतारांवर अर्धवट सांगाडे उभे आहेत. सिव्हिलवाल्यांनी ते सांगाडे नीट बघावेत, रीइन्फोर्समेंट उघडी पडल्यावर काय होतं ते पुस्तकात इतकं छान दिसत नाही. सगळं नवंकोरं आणि बरंचसं कर्जावर उभं करायला निघालेल्या गावात पोचा आलेल्या थर्मासमधला चहा पिताना मला जरा गंमत वाटते, हे कबूल करतो. त्या तळ्याकाठी माझी लेक खिडक्या मोजते. एकतीसच्या पुढे गाडी जात नाही, मग पुन्हा पहिल्यापासून.

आता मूळ मुद्दा, ज्यासाठी संपादकांनी मला दोन पानं दिली आणि मी दीड वायफळ घालवली.

दर मे महिन्यात हॉस्टेलच्या मागच्या गेटाशी तीनचाकी टेम्पो उभा राहतो. त्यात काटा असतो. शेवटचा पेपर झाला की मुलं चादरीत पुस्तकं बांधून आणतात आणि ती किलोच्या भावाने जातात. ग्रेवाल, पुनमिया, रामामृतम, लोकल पब्लिकेशनची गाइडं, वर्तमानपत्रं, सगळं एकाच पारड्यात. याच्यावर मी दरवर्षी स्टाफरूममध्ये तावातावाने बोलायचो. 'यांना पुस्तकाची किंमतच नाही', 'हॉटेलात पाचशे उडवतील', वगैरे. स्टाफरूममध्ये असल्या बोलण्याला माना पटापट डोलतात.

मग दोन वर्षांपूर्वी पौड रोडवरच्या एका रद्दीच्या दुकानात मला एन. डी. भटांचं इंजिनिअरिंग ड्रॉइंग मिळालं. चाळीस रुपये. घरी येऊन उघडलं तर पहिल्या पानावर निळ्या शाईत लिहिलेलं, "चि. ... यास इंजिनिअरिंगला नंबर लागला म्हणून. आई." अक्षर लिहिण्याची फारशी सवय नसलेल्या हाताचं होतं, एकेक अक्षर वेगळं काढलेलं. खाली आपल्याच कॉलेजचं नाव आणि रोल नंबर. मुलगा तेव्हा फायनल इयरला होता. दुसऱ्या दिवशी मी त्याला केबिनमध्ये बोलावलं. खोटं कशाला बोलू, झाडायलाच बोलावलं होतं. पुस्तक समोर ठेवलं आणि म्हटलं, "हे विकताना काही वाटलं नाही?"

तो बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "सर, रूम दुसऱ्या दिवशी खाली करायची होती. हिंगोलीला एसटीने जायचं. दोन बॅगा, गादी, बादली. अकरा पुस्तकं होती, नऊ किलो भरली. बारा रुपयांनी एकशे आठ आले. स्टँडपर्यंत रिक्षा झाली आणि रात्री जेवलो. कुठे ठेवणार होतो सर?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो पुस्तक घेऊन गेला. अर्ध्या तासाने परत आला आणि टेबलावर चाळीस रुपये ठेवले. मी नको म्हटलं, दोनदा म्हटलं. तो ठेवून गेला.

तेव्हापासून माझं स्टाफरूममधलं भाषण बंद आहे. प्रश्न किमतीचा नव्हताच, कपाटाचा होता. हिशेब साधा आहे. पाचशेचं पुस्तक टेम्पोत बारा रुपये किलोने जातं. त्याच पुस्तकासाठी ऑगस्टमध्ये फर्स्ट इयरचा एखादा मुलगा अप्पा बळवंत चौकात रांगेत उभा राहून जुनं म्हणून तीनशे मोजतो, किंवा घेतच नाही आणि मोबाइलच्या बोटभर पडद्यावर पीडीएफ वाचून डोळे फोडतो. देणारा आणि घेणारा एकाच इमारतीत राहतात. मध्ये फक्त मे ते ऑगस्ट असे तीन महिने आहेत आणि तेवढे दिवस पुस्तक कोरडं ठेवणारी जागा नाही.

जागा मागितली की जागा नाही असं उत्तर येतं, हे मला माहीत आहे. म्हणून भिलारचं सांगतो. पाचगणी-महाबळेश्वरजवळच्या या गावात 4 मे 2017 ला पुस्तकांचं गाव सुरू झालं. सुरुवातीला पंचवीस ठिकाणं आणि सुमारे पंधरा हजार पुस्तकं होती, आणि त्यातल्या बहुतेक जागा गावकऱ्यांनी आपल्या राहत्या घरांतल्या दिल्या. स्ट्रॉबेरी पिकवणाऱ्या माणसाच्या ओसरीवर बसून तुम्ही कादंबरी वाचू शकता. कल्पना आली वेल्समधल्या हे-ऑन-वायवरून. तिथे 1960 च्या दशकात रिचर्ड बूथ नावाच्या माणसाने जुन्या पुस्तकांची दुकानं काढायला सुरुवात केली आणि आडबाजूचं गाव त्यावर जगायला लागलं. आम्ही गाव मागत नाही. एक लोखंडी कपाट.

जुन्या पुस्तकांवर एक आक्षेप मला बायकोनेच घेतला आणि तो खरा आहे. तीस रुपयांतला एक पैसाही लेखकाला जात नाही. म्हणून मी माझ्यापुरता नियम केलाय, हयात मराठी लेखक नवा घ्यायचा, बाकीचे मिळतील तसे. सतीश काळसेकरांचं 'वाचणाऱ्याची रोजनिशी' मी असंच नवं घेतलं होतं. नोकरी करून, रोज वाचून, त्या वाचण्याविषयी लिहिणाऱ्या या माणसाला 2013 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तेव्हा वाचन हा रिकामटेकड्यांचा उद्योग नाही एवढं मी घरी सिद्ध करू शकलो. फुटपाथवरच्या पायरेटेड प्रती मात्र घेऊ नका. जुनं पुस्तक घेणं वेगळं आणि चोरीचं घेणं वेगळं. (झेरॉक्सबद्दल मी काही बोलत नाही. मीही याच हॉस्टेलला होतो.)

आणि ज्यांना सेकंड हँड पुस्तक हातात धरायला कमीपणा वाटतो त्यांच्यासाठी एक तारीख. जुलै 1913 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकायला न्यूयॉर्कला गेले. वय बावीस, घरी यशवंत सात महिन्यांचा. म्हणजे तरुण बापच. हातात स्कॉलरशिपचे मोजके पैसे. तिथे जुन्या पुस्तकांची दुकानं धुंडाळून, पोटाला चिमटा काढून त्यांनी सुमारे दोन हजार पुस्तकं जमवली. 1917 साली ते भारतात परतले तेव्हा सामान ज्या जहाजाने येत होतं ते पाणतीराने बुडालं. त्या पुस्तकांच्या समासात त्यांनी काय लिहिलं होतं ते समुद्रालाच माहीत. आपली पुस्तकं बुडवायला आपल्याला युद्ध लागत नाही, एक टेम्पो पुरतो.

तर सध्याची परिस्थिती अशी. गेल्या मे महिन्यात मी मेकॅनिकलच्या जुन्या मेट्रॉलॉजी लॅबमधलं एक मोडकं कपाट मागून घेतलं. एका बिजागरीला वर्कशॉपच्या मामांनी वेल्डिंग मारून दिलं. पावसाचं पाणी येऊ नये म्हणून खाली विटा. त्यात सत्तेचाळीस पुस्तकं जमली, ऑगस्टमध्ये त्यातली एकोणचाळीस गेली. पद्धत सोपी आहे. देणाऱ्याने आत आपलं नाव, फोन आणि हवी ती किंमत लिहायची, छापील किमतीच्या निम्म्याहून जास्त नाही. घेणारा तेवढे पैसे परस्पर त्याला पाठवतो. कपाट एक रुपया ठेवत नाही. उरलेल्या आठांत सहा गाइडं आहेत, एक बुद्धिबळाचं आहे, आणि एक 'बाळाचे संगोपन', ते कुणी ठेवलं ते अजून कळलेलं नाही. मी वाचलं, बरं आहे.

या मेमध्ये टेम्पो येण्याआधी येऊन बघा. पहिल्या पानावर कुणी काही लिहिलेलं असेल तर ते पुस्तक आधी मला दाखवा, मग आत ठेवा. चावी माझ्याकडे असते. बुधवारी चारनंतर सापडणार नाही, बाजार असतो.