मार्केट कुठंय ते सोडा, तुमचा पैसा कधी लागणार ते सांगा

काल मोंढ्यात चहा पीत उभा होतो. आमचे एक जुने गुरुजी भेटले. सातवीला त्यांनीच मला गणित शिकवलंय. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "अरे, सेन्सेक्स 85 हजारांवर गेला म्हणतात. ग्रॅच्युइटीचे 14 लाख बँकेत पडून आहेत. आताच टाकू, का पडायची वाट बघू?"

मी विचारलं, "गुरुजी, त्यातले लागणार किती आणि कधी?"

"पोरीचं लग्न आहे वैशाखात. आणि हिच्या गुडघ्याचं ऑपरेशन."

"मग टाकूच नका."

"पण शिबिरातला तो पोरगा म्हणतो, लग्नापर्यंत दीडपट होतील."

रात्रभर हे डोक्यातून गेलं नाही, म्हणून लिहितोय. पोस्ट लांब आहे, पण घरात कुणाची ग्रॅच्युइटी, जमिनीचा मावेजा किंवा सोयाबीनची पट्टी आली असेल तर शेवटपर्यंत वाचा.

"मार्केट इतकं वर आहे, आता घ्यावं का थांबावं?" गावात सध्या हाच प्रश्न चाललाय. माझं म्हणणं स्पष्ट आहे, हा प्रश्नच चुकीचा आहे. आणि जो माणूस याचं छातीठोक उत्तर देतो, तो एकतर अडाणी आहे नाहीतर त्यातून काहीतरी कमावतोय.

आधी माझीच फजिती सांगतो. जानेवारी 2008. पत्रकारितेचा डिप्लोमा करून नोकरीला लागलेलो, साठवलेले 60 हजार जवळ होते. सेन्सेक्स 21 हजारांना टेकला होता. ऑफिसात, टपरीवर, एसटीत एकच विषय. टाकले सगळे. ऑक्टोबरात तोच सेन्सेक्स 8 हजारांच्या खाली जाऊन आला. नोव्हेंबरात वडील दवाखान्यात अॅडमिट झाले आणि मिळेल त्या भावाला शेअर विकावे लागले. हातात 22 हजार आले.

पुढे 2010 च्या दिवाळीत सेन्सेक्स परत 21 हजारांपाशी आला. मार्केट सावरलं, मी नाही सावरलो. कारण माझा पैसा तेव्हा तिथं नव्हताच. चूक 21 हजारांवर घेतल्याची नव्हती. घरात अडीअडचणीला दुसरा रुपया नसताना सगळं तिथं नेऊन टाकल्याची होती.

आता दुसऱ्या बाजूचे शहाणे बघा. "पडू दे, मग घेऊ" म्हणणारे. माझा एक मित्र 2017 ला सेन्सेक्स 30 हजारांवर गेला तेव्हा म्हणाला, फार वर आहे. 23 मार्च 2020 ला एका दिवसात 3,900 च्या वर अंकांनी कोसळून तो 26 हजारांच्या खाली बंद झाला. मी म्हणलं, घे आता, तुझी वेळ आली. तर म्हणतो, अजून पडू दे. जानेवारी 2021 ला 50 हजार झाले, पुन्हा म्हणाला फार वर आहे. तो अजून वाटच बघतोय. वर असताना महाग वाटतं आणि पडल्यावर भीती वाटते. मग घेणार कधी?

म्हणजे "आताच घ्या" वालाही फसतो आणि "थांबा" वालाही. कारण दोघंही मार्केटकडं बघतात, स्वतःच्या घराकडं कुणीच बघत नाही.

आता मूळ दुखण्यावर येतो. मंगल कार्यालयात मोफत शिबिरं चालू आहेत. पहिल्या दिवशी म्युच्युअल फंड, वडापाव आणि चहा. दुसऱ्या दिवशी "एफडी मोडा, पैसा सडतोय". तिसऱ्या दिवशी ऑप्शन ट्रेडिंगचा 15 हजारांचा कोर्स. सोनं तारण ठेवून आलेले दोघं मला स्वतः भेटलेत.

सप्टेंबर 2024 मध्ये सेबीचा अहवाल आला. 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शनमध्ये उतरलेल्या सामान्य लोकांपैकी 93 टक्के तोट्यात गेले. एकूण तोटा 1 लाख 80 हजार कोटींच्या पुढे, माणशी सरासरी दोन लाख. ही बातमी त्या शिबिराच्या स्क्रीनवर दिसली का कुणाला?

आणि हो, त्या शिबिरांच्या जाहिराती कुठं छापून येतात? आमच्याच पेपरात. मी नोकरी करतो त्या पेपरातही. पान एकवर सेन्सेक्सच्या उच्चांकाचा मथळा आणि पान तीनवर "महिन्याला 5 टक्के परतावा". वाचकाला जाळ्यापर्यंत आम्हीच चालवत नेतो. हे मी आमच्या मीटिंगमध्ये बोललोय, आता इथंही बोलतो.

कुणी म्हणेल, "मग काय पतसंस्थेत ठेवायचे? तिथं तर मुद्दलच बुडालं." बरोबर आहे. बंद शटरसमोर रांगेत बसलेल्या म्हाताऱ्यांच्या बातम्या मीच केल्यात. बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विमा आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. म्हणून शेअर बाजार वाईट असं मी म्हणतच नाही. 2008 च्या त्या शिखरावर घेऊन सप्टेंबर 2024 पर्यंत हात न लावणाऱ्याचेही निर्देशांकाच्या हिशेबाने चौपट झाले. पण त्याला साडेसोळा वर्षं थांबता आलं, हे विसरू नका. आणि "लांबच्या काळात वरच जातं" हीसुद्धा हमी नाही. जपानचा निक्केई 1989 च्या शेवटी जिथं होता, तिथं परत यायला त्याला फेब्रुवारी 2024 उजाडला.

मग करायचं काय? गुरुजींना सांगितलं तेच सांगतो.

पाच वर्षांच्या आत लागणारा पैसा, म्हणजे लग्न, फी, ऑपरेशन, घर, शेअर बाजारात टाकायचा नाही. सेन्सेक्स 8 हजार असो की 85 हजार. तो बँकेत, पोस्टात ठेवा. साठीच्या पुढच्यांना पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक योजनेत 2024 मध्ये 8.2 टक्के मिळत होते.

सहा महिन्यांचा घरखर्च वेगळा काढा.

यातूनही उरलं आणि दहा वर्षं लागणार नसेल, तर ते दर महिन्याला थोडं थोडं टाका, आणि मार्केट वर आहे का खाली ते विचारू नका. वर असताना कमी युनिट येतील, पडल्यावर जास्त येतील.

कर्ज काढून, सोनं ठेवून एक रुपयाही नाही.

आणि सल्ला देणाऱ्याला दोनच गोष्टी विचारा. तुझा सेबीचा नोंदणी नंबर काय? आणि मी पैसे टाकले की तुला किती मिळतात? पहिल्याचं उत्तर सेबीच्या वेबसाइटवर तपासता येतं. दुसऱ्याला तो चिडला, तर तेच उत्तर समजा.

मंगल कार्यालयवाल्यांनीही हॉल देण्याआधी तो नंबर मागावा. आणि आम्ही पेपरवाल्यांनी त्याशिवाय जाहिरात घेऊ नये. दोन-चार हजारांची जाहिरात जाईल, जाऊ द्या. बुडालेल्या माणसाची बातमी नंतर आपणच करतो ना?

गुरुजी निघताना म्हणाले, "दीडपटीचा हिशेब मला तेव्हाच चुकीचा वाटला होता रे. पण हॉलमध्ये सगळेच माना डोलवत होते."

उभी हयात दुसऱ्यांची गणितं तपासलेला माणूस त्या हॉलमध्ये गप्प बसला. तुमच्या घरातलं कुणी त्या शिबिराला जाणार असेल, तर आज रात्री जेवताना एवढंच विचारा: हा पैसा आपल्याला कधी लागणार आहे?