गरिबाचा मान

भुकेल्याला घास देणे हे पुण्यकर्म होय, यात शंका नाही. परंतु घास देताना आपण त्याचा मान तर हिरावून घेत नाही ना, हा प्रश्न आपल्या मनात क्वचितच उद्भवतो. फ्रान्समधील फादर जोसेफ व्रेसिन्स्की यांनी तो प्रश्न जन्मभर विचारला. म्हणून त्यांचे चरित्र आज वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

त्यांचा जन्म १९१७ साली आंजे शहरी झाला. वडील पोलिश, आई स्पॅनिश. घरात अठराविश्वे दारिद्र्य. हा बालक मठातील पहाटेच्या मिस्सेला सेवा करी, कारण तेथे न्याहारी मिळे. मदत पदरी पडावी म्हणून आईला किती अपमान गिळावे लागतात, हे त्याने पाहिले होते. ते शल्य पुढे कधीच बुजले नाही. पोरवयात त्यांनी केक-बिस्किटे बनविणाऱ्याकडे उमेदवारी केली आणि १९४६ साली त्यांना धर्मगुरूपदाची दीक्षा मिळाली.

१४ जुलै १९५६ रोजी ते पॅरिसजवळील नोआझी-ल-ग्रां येथील बेघरांच्या छावणीत आले. २५२ कुटुंबे अर्धगोल झोपड्यांतून, चिखलात दिवस कंठीत होती. दयाळू लोक तेथे जेवण आणि जुने कपडे वाटीत असत. फादरांनी ही वाटपे बंद केली! वाचकांस हे निष्ठुरपणाचे वाटेल. परंतु रांगेत उभे राहून मनुष्य केवळ याचकच राहतो, हे त्यांनी बालपणीच जाणले होते. त्यांनी तेथे वाचनालय, बालवाडी, कपडे धुण्याची सोय आणि प्रार्थनामंदिर उभारले. स्त्रियांसाठी केशभूषेची जागादेखील केली. दरिद्री स्त्रीलाही आरशात आपला चेहरा पाहून समाधान वाटावे, यात वावगे ते काय? १९५७ साली त्या कुटुंबांसह त्यांनी संस्था स्थापिली. तीच पुढे ‘चौथे जग’ या नावाने देशोदेशी पोहोचली.

दारिद्र्य हा दैवाचा भोग नसून मानवी हक्कांचा भंग आहे, असे ते निक्षून सांगत. १७ ऑक्टोबर १९८७ रोजी पॅरिसच्या त्रोकादेरो चौकात सुमारे एक लाख लोकांसमोर या अर्थाची शिला बसविण्यात आली. १४ फेब्रुवारी १९८८ रोजी ते प्रभुचरणी विलीन झाले. १९९२ साली संयुक्त राष्ट्रांनी १७ ऑक्टोबर हा दारिद्र्य-निर्मूलनाचा दिवस म्हणून जाहीर केला.

आता आपल्या गावाकडे पाहू. नाताळ जवळ आला की आपण पेटीतील विटलेले कपडे काढतो आणि ‘गरिबांना होतील’ असे म्हणतो. जे आपल्या लेकराच्या अंगावर घालवत नाही, ते ख्रिस्ताच्या अंगावर कसे घालावे? गावातील विधवेला धान्य अवश्य द्यावे, परंतु तिच्या अंगणात बसून, चार शब्द बोलून. देवळाच्या सणाची बैठक भरते तेव्हा तिलाही बोलवावे आणि तिचा सल्ला विचारावा. तिच्या मुलाला पुस्तक द्यावे, तेही कोरे करकरीत. याने आपला खर्च फारसा वाढणार नाही. मात्र घेणाऱ्याची मान ताठ राहील आणि देणाऱ्याचा अहंकार थोडा वाकेल. आमच्या मते दोन्ही गोष्टी प्रभूला सारख्याच प्रिय आहेत.