पॉइंट टू टू

गेल्या महिन्यात मुलगी कॉलेजातून एनसीसीचं संमतिपत्र घेऊन आली. पालकांची सही हवी होती. मी वाचून दाखवत होतो, 'फायरिंग' शब्द आला आणि अम्मीनं मला थांबवलं. मुलीनं बंदूक कशाला धरायची, एवढंच ती म्हणाली असती तर मी हसून सही केली असती. पण मग ती आवाज खाली आणून म्हणाली, "आणि आपल्या पोरांनी तर नकोच. उद्या कोणी काय म्हणेल."

ही दुसरी भीती मला हसून टाळता आली नाही. आमच्या नागपूरच्या घरात 'काडतूस' हा शब्द येतो तो वर्तमानपत्रातून, आणि त्याच्या मागे 'जिवंत' हे विशेषण लागलेलं असतं. बातमीतलं नाव आपल्यातलं निघालं की अब्बा पेपरची घडी घालून बाजूला ठेवत. मी स्वतः कॉलेजात एनसीसीत होतो. अब्बांनी सही केली होती, फक्त मोहल्ल्यात सांगत फिरू नको म्हणाले होते. मी सांगितलं नाही. आज त्याची थोडी लाज वाटते.

तेव्हा रेंजवर जे काडतूस हातात आलं ते पाहून मी निराश झालो होतो. पेन्सिलीच्या तुकड्याएवढं. हीच ती पॉइंट टू टू, म्हणजे इंचाच्या शंभर भागांपैकी बावीस भाग, साधारण ५.६ मिलिमीटर. शिशाची गोळी जेमतेम अडीच ग्रॅमची. बुडाच्या कडेतच स्फोटक मिश्रण भरलेलं असतं, पिन त्या कडेवर आपटली की बार उडतो. कड चेपली जाते, म्हणून पितळेचं टरफल पुन्हा भरून वापरत नाहीत. खांद्याला धक्का जवळपास नाहीच. आवाजही असा की पहिल्यांदा बार काढणारं पोर डोळे मिटून घेत नाही. सगळी गंमत इथेच आहे. मोठ्या रायफलीचा धक्का खाल्लेला नवशिका पुढच्या बाराच्या आधीच खांदा आखडतो आणि नेम चुकतो. या छोट्या काडतुसासोबत तो श्वास कसा रोखायचा, घोडा झटका न देता कसा दाबायचा, एवढंच शिकत राहतो.

याचा जन्म पाहिला तर आपल्याला एक ओळखीचं साल भेटतं. स्मिथ अँड वेसन या अमेरिकन कंपनीनं याचा आखूड पूर्वज, पॉइंट टू टू शॉर्ट, बाजारात आणला तो १८५७ मध्ये. त्याच वर्षी इकडे शिपायांच्या हाती एनफिल्डची कागदी काडतुसं होती, दातांनी तोडायची, आणि त्यांच्या चरबीवरून काय पेटलं ते शाळेतलं पोरही सांगेल. नागपुरातही जूनमध्ये टाकळीच्या घोडदळाचा बेत शिजला, फसला, आणि पुढाऱ्यांना सीताबर्डीच्या किल्ल्यावर फासावर चढवलं. आपल्या लोकांच्या आठवणीत काडतूस तिथेच अडकून पडलं आहे.

पुढचा भाग कमी सांगितला जातो. १८७८ च्या हत्यार कायद्यानं हिंदुस्थानी माणसाला परवान्याशिवाय हत्यार बंद झालं, गोऱ्यांना सूट राहिली. १८८७ मध्ये आजची लाँग रायफल ही जात आली. बोअर युद्धात इंग्रजांना आपल्या शिपायांचा नेम किती कच्चा आहे ते कळलं, तेव्हा लॉर्ड रॉबर्ट्स गावोगावी छोट्या रायफलींचे क्लब काढा म्हणून मागे लागले. कारकून, कामगार, शाळेतली पोरं पॉइंट टू टूनं नेम शिकू लागली. हे रॉबर्ट्स जन्मले कानपुरात, आणि १८५७ च्या लढाईत तरुण अधिकारी म्हणून इथेच लढले. त्यांच्या देशातल्या कामगाराला जे शिकता येत होतं ते आमच्या विणकराला मिळणार नव्हतं.

स्वतंत्र भारतानं ते दिलं. १९४८ मध्ये एनसीसी आली, पुढच्याच वर्षी मुलींसाठीही. १९५९ च्या हत्यार कायद्यात तर या काडतुसाचा आकार चक्क नावानं लिहिलेला आहे. मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सदस्यानं नेमबाजीसाठी पॉइंट टू टू किंवा एअर रायफल वापरली, तर हत्यारांच्या संख्येची मर्यादा त्याला लागू होत नाही. म्हणजे कायद्यालाही ठाऊक आहे की हे शिकण्याचं काडतूस आहे.

खेळणं मात्र नाही. १९६८ मध्ये रॉबर्ट केनेडींना मारणारी गोळी पॉइंट टू टूच होती, आणि ती भरकटली तर किलोमीटरच्याही पुढे जाते. म्हणूनच मी रेंजच्या बाजूचा आहे. तिथे उस्ताद हुकूम देईपर्यंत हात रायफलीला लागत नाही आणि टरफलं मोजून परत द्यावी लागतात. मोहल्ल्यात लग्नाच्या वरातीत हवेत बार काढण्याची हौस असलेल्या पोरांना एक दिवस तिथे बसवलं पाहिजे. सिनेमातून हत्याराचा रुबाब शिकलेली आपली पोरं आणि हत्याराच्या नावानं थरकापणारी आपली घरं, दोघांनीही ही शिस्त पाहिलेली नाही.

अंजली भागवत एनसीसीतूनच नेमबाजीत आली. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतनं २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये जागतिक विजेतेपद मिळवलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ आणलं. सगळं याच काडतुसावर. तिथे दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं, शर्टाच्या बटणाएवढं. हे खेड्यातलं, साध्या घरातलं पोर करू शकतं, तर मोमीनपुऱ्यातलं का नाही? पैशाची अडचण मला मान्य आहे, स्पर्धेची चांगली काडतुसं परदेशातून येतात. पण आपण त्या अडचणीपर्यंत पोचतच नाही, त्याआधी "कोणी काय म्हणेल" इथेच थांबतो. संशय घेणारे आहेत, ते मला तुमच्याइतकेच माहीत आहेत. त्यांच्या सोयीसाठी आपण आपल्या पोरांना तिरंग्याखालच्या रेंजपासूनही दूर ठेवायचं, हे मला पटत नाही.

मी सही केली. या वेळी मोहल्ल्यात सांगितलंही, किराणा घेताना, मुद्दाम. दुकानदार भाईंनी विचारलं, मुलींना पण घेतात का? त्यांची नववीत आहे.

रविवारी मुलगी कागदी टार्गेट घेऊन आली. पाच गोळ्यांपैकी चार कागदावर, तीन रुपयाच्या नाण्याखाली झाकतील इतक्या जवळ. अम्मीनं ते खिडकीच्या उजेडात धरलं, चार भोकं मोजली आणि विचारलं, पाचवी कुठे गेली?