आधी पाऊल, मग हात

ताई चीचा वर्ग पहिल्या एक-दोन महिन्यांत सोडणारे बरेच जण दमून सोडत नाहीत, वैतागून सोडतात. पाहताना ही कला फार सोपी वाटते. चीनमधल्या एखाद्या बागेत पहाटे सत्तरी ओलांडलेली माणसं पाण्यातून चालल्यासारखी हलत असतात. घाम नाही, धाप नाही. स्वतः उभं राहिल्यावर मात्र उजवा हात उचलायचा तर डावा उचलला जातो, हात सावरावा तर पाय थबकतो आणि पाय आठवला की श्वास अडकतो. आयुष्यभर व्यवस्थित चालत आलेल्या माणसाला आपल्याला साधं चालताही येत नाही असं वाटू लागतं. हा अनुभव जवळजवळ प्रत्येकाच्या वाट्याला येतो. त्याची कारणं शरीराच्या घडणीत आहेत. शिकणाऱ्याच्या वयाला किंवा अकलेला त्यासाठी दोष देणं चुकीचं आहे.

पहिलं कारण म्हणजे संथपणा. रोजचं चालणं म्हणजे थोडं पुढे कलंडणं आणि वेळेवर पाऊल टाकून सावरणं. वेग असला की तोलातल्या बारीक चुका त्यातच झाकल्या जातात. ताई चीत पाऊल इतकं सावकाश पडतं की अंगाचा सगळा भार काही क्षण एकाच पायावर पेलावा लागतो. शाळेतल्या संथ सायकलीच्या शर्यतीत एरवी भरधाव जाणारी मुलं आधी पाय टेकतात, ते याच कारणाने.

पायांना जाचणारा हा संथपणा हातांना मात्र मदत करतो, आणि हे शिकणाऱ्याला क्वचितच सांगितलं जातं. माणसाचे दोन हात स्वभावतः जोडीने, आरशातल्या प्रतिबिंबासारखे हलू पाहतात. स्कॉट केल्सो यांनी १९८०च्या दशकात बोटांवर केलेले प्रयोग या विषयात प्रसिद्ध आहेत. दोन्ही तर्जनी एकाच दिशेने, म्हणजे मोटारीच्या काचेवरच्या वायपरसारख्या हलवायला सांगितल्या, तर सावकाश हे नीट जमतं. वेग वाढवत नेला की एका टप्प्यावर बोटं आपोआप आरशासारख्या जोडीवर घसरतात. हात एकमेकांच्या मागे जात असतील, तर ‘पटकन करून पाहू’ हा उपाय अगदी उलटा पडतो. तिथे गती आणखी कमी करायला हवी.

दुसरं कारण सांध्यांच्या संख्येचं. घोटा, गुडघा, खुबा, कंबर, खांदा, कोपर, मनगट हे सगळं एकाच वेळी सांभाळायचं म्हणजे मेंदूपुढे हिशेबाचा डोंगर उभा राहतो. रशियन शास्त्रज्ञ निकोलाय बर्नस्टाइन (१८९६–१९६६) यांनी हा प्रश्न नेमका मांडला. नवशिका बरेच सांधे ताठ धरून ठेवतो आणि हिशेब सोपा करून घेतो, असं त्यांचं निरीक्षण होतं. ताई चीच्या वर्गात दिसणारी लाकडी अंगं ही अशी असतात. शिक्षक ‘सुंग’ म्हणतात, म्हणजे अंग सैल सोडा, मोकळं ठेवा. ही सूचना या कलेच्या गाभ्यातली आहे. पण पहिल्या आठवड्यात तिचा उपयोग सर्वांत कमी. तोल जाण्याची भीती असताना शरीर ताठरपणा सोडत नाही, आणि सोडू नये हेच बरं. पायाखालची खात्री वाढली की खांदे आपणहून खाली येतात.

याच बर्नस्टाइन यांनी १९२०च्या दशकात मॉस्कोत लोहारकाम करणाऱ्या कारागिरांच्या हातोड्याचे घाव कॅमेऱ्याने टिपले होते. हातोडा दर वेळी जवळपास एकाच वाटेने जात होता, पण खांदा, कोपर आणि मनगट मात्र दर घावाला थोडे वेगळे हलत होते. म्हणजे कसबी माणसाचाही प्रत्येक कोन पुन्हा तंतोतंत येत नाही. शिक्षकाच्या कोपराचा नेमका कोन उतरवता येत नाही म्हणून खचणाऱ्याने ही गोष्ट लक्षात ठेवावी.

तिसरं कारण पाठांतराचं. यांग शैलीची पारंपरिक लांब मालिका मोजण्याच्या एका प्रचलित पद्धतीने १०८ हालचालींची आहे. हे ओझं सर्वसामान्यांना पेलत नाही, हे चिनी जाणकारांनीच ओळखलं. झंग मानछिंग (१९०२–१९७५) यांनी ती ३७ आसनांवर आणली. चीनच्या सरकारी क्रीडा आयोगाने १९५६ साली २४ हालचालींची सुलभ मालिका तयार करवली. पाच-सहा मिनिटांत संपणारी हीच मालिका आज जगभर नवशिक्यांना शिकवली जाते.

शिकण्याचा क्रम पायांपासून धरावा. हात कमरेवर ठेवून नुसती पावलं टाकण्यात कमीपणा वाटतो, म्हणून बहुतेक जण ते टाळतात आणि पुढे महिनोन्‌महिने त्याची किंमत मोजतात. मुख्य चूक रुंदीची असते. पुढचं पाऊल मागच्याच्या थेट समोर टाकलं की माणूस दोरीवर चालणाऱ्या डोंबाऱ्यासारखा डुगडुगतो. दोन पावलं रेल्वेच्या दोन रुळांवर असल्यासारखी पडली, दोन्ही रेषांमध्ये निदान वीतभर अंतर राहिलं, तर निम्मा तोल तिथेच सावरतो. मग रिकामं पाऊल शिकायचं. यांग छंगफू (१८८३–१९३६) यांच्या प्रसिद्ध दहा सूत्रांपैकी एक आहे भरलेलं आणि रिकामं यांतला भेद ओळखण्याचं. टाच जमिनीला लागते, पण भार अजून मागच्याच पायावर असतो. कसोटी सोपी आहे: टेकवलेलं पाऊल अंगाला हिसका न बसता परत उचलता आलं, तर ते खरोखर रिकामं होतं. भार असलेल्या पायावर वळू नये; पीळ थेट गुडघ्यात जातो. गुडघा पावलाच्या दिशेनेच वाकावा, बोटांपलीकडे जाऊ नये. खोल बसण्याची घाईही नको. उंच उभं राहून केलेली मालिका तितकीच खरी असते.

‘ढगांसारखे हात’ ही २४ पैकी दहावी हालचाल अनेकांचा अंत पाहते. दोन्ही हात विरुद्ध दिशांनी वर्तुळं काढतात, कंबर वळते आणि पाय डावीकडे सरकत जातात. हे चारही भाग स्वतंत्र समजून जोडू पाहणारा हमखास गोंधळतो. नीट पाहिलं तर हातांचा आडवा प्रवास जवळजवळ सगळा कमरेचा असतो. वरचा हात छातीच्या मध्यरेषेसमोरच राहतो; धड वळतं म्हणून तो डावीकडून उजवीकडे जाताना दिसतो. हातांचं स्वतःचं काम उरतं ते वर-खाली जागा बदलण्याचं. म्हणून आधी पाय रोवून, हात पोटावर ठेवून फक्त कंबर वळवावी. मग एक हात वर, दुसरा खाली धरून तीच कंबर वळवावी आणि दोन्ही टोकांना हातांची अदलाबदल करावी. हे अंगवळणी पडल्यावरच बाजूचं पाऊल जोडावं. या पायऱ्यांनी दोन-तीन आठवडे गेले तरी चालतील. एकदम चारही करताना त्याहून जास्त जातात.

वर्गात उभं राहण्याची जागाही महत्त्वाची असते. शिक्षक समोर तोंड करून उभे असले की डावं-उजवं उलटतं, म्हणून त्यांच्या पाठीमागून पाहावं. पण सातवी हालचाल संपून आठवी सुरू होते तेव्हा सगळा वर्ग उलट दिशेला वळतो आणि शेवटच्या ओळीत लपलेला नवशिका एकाएकी सर्वांच्या पुढे येतो. नवशिक्यांनी मधोमध उभं राहावं, म्हणजे कुठेही वळलं तरी समोर कुणीतरी असतं. नक्कल संपून पाठांतर कुठे सुरू होतं, हे मात्र घरी एकट्याने केल्यावरच कळतं. त्यासाठी रोजची दहा मिनिटं रविवारच्या सलग दीड तासापेक्षा जास्त कामी येतात.

काही महिन्यांनी आणखी एक अवघड वळण येतं. मालिका पाठ झालेली असते, पण सुधारणा दिसेनाशी होते. उलट चुका जास्त जाणवू लागतात. विल्यम ब्रायन आणि नोबल हार्टर यांनी १८९७ साली तारायंत्र शिकणाऱ्यांच्या प्रगतीचे आलेख प्रसिद्ध केले. संदेश ऐकून टिपण्याच्या कामात शिकणाऱ्याची प्रगती बराच काळ सपाट राहते आणि मग पुन्हा वर चढते, असं त्यांत दिसलं. सुटी अक्षरं ऐकण्याकडून पूर्ण शब्द ऐकण्याकडे जाण्याचा तो काळ होता. ताई चीतही सुट्या हालचाली एकमेकींत मिसळू लागतात तेव्हा असंच होतं. आधी न दिसणाऱ्या चुका दिसू लागणं ही तर नजर तयार होत असल्याची खूण.

आणि ज्यांना २४ हालचाली कधीच पाठ होणार नाहीत, त्यांनीही मागे फिरण्याचं कारण नाही. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने २०१२ साली अमेरिकेतल्या ओरेगनमधला एक अभ्यास छापला. १९५ पार्किन्सनग्रस्तांची त्यात तीन गटांत विभागणी होती: ताई ची, वजनांचा व्यायाम आणि ताण देण्याचे व्यायाम. आठवड्यातून दोनदा, एकेक तास, २४ आठवडे. तोल सांभाळण्यात ताई चीचा गट इतर दोन्ही गटांच्या पुढे राहिला. त्या गटाला शिकवलेल्या मूळ हालचाली सहाच होत्या.